वारसाचा फॉर्म

“दिवाणजी, एवढा कागद घेऊन ठेवा. त्या खुंटीला पिशवी अडकवलीय बघा, तिच्यात हाय,” कस्तुरा म्हणाली. “माझं हात सिमेंटानं भरल्यात, न्हाईतर मीच काढून दिला असता.”

मी पिशवी उघडली. भाकरीच्या फडक्याखाली चार घड्या घातलेला कागद होता. सभासदाच्या मागे त्याचं घर कुणाच्या नावावर चढवायचं, ते लिहून देण्याचा फॉर्म. आमच्या संस्थेत सगळे त्याला वारसाचा फॉर्म म्हणत. सभासदाचं नाव ईराण्णा हळिंगळे. घर चढवायचं नाव सौ. कस्तुरा, पत्नी. खाली ईराण्णाची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. सगळं रीतसर होतं.

“लग्नाआधी ह्यांनी थोरल्या भावाचं नाव घातलं होतं,” ती वाळूत पाणी ओतत म्हणाली. “आता दोन पोरी झाल्या. हे म्हणाले, बदलून टाकू. काय राहिलं असंल तर सांगा.”

“काही राहिलं नाही, वैनी. पुढच्या मीटिंगला कमिटीपुढं ठेवतो.”

मी कागद माझ्या पिशवीत, आवक रजिस्टरच्या पाठीमागे सरकवला. रजिस्टर उघडून त्यात एक ओळ लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पेन खिशालाच होतं.

ही गोष्ट इचलकरंजीतली, एक्क्याण्णव सालची. मी सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगमध्ये दिवाणजी, म्हणजे कारकून होतो, आणि ‘नवा माग कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थे’चा सेक्रेटरी. सभासद अठ्ठेचाळीस. मागावर काम करणारे, कांड्या भरणाऱ्या बायका, दोनचार हमाल आणि एक मी. ठेकेदाराकडून घरं बांधून घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून आठवडी सुट्टीला प्रत्येक घरातल्या एका माणसानं यायचं आणि स्वतः बांधायचं असं ठरलं होतं. त्यातही एक नियम असा की कुणाचं घर कुठलं ते आधी ठरवायचंच नाही. अठ्ठेचाळीस घरं पुरी झाली की चिठ्ठ्या टाकायच्या. नाहीतर माणूस स्वतःच्या भिंतीला ओळंबा लावतो आणि दुसऱ्याच्या भिंतीला नुसता डोळा लावतो.

हा नियम माझ्या डोक्यातून निघालेला होता. मला त्याचा फार अभिमान होता. माझ्या रजिस्टरचाही होता. संस्थेकडे आलेला कुठलाही कागद, अगदी चहावाल्याची चिठ्ठीसुद्धा, मी आवक क्रमांक घालून नोंदवत असे. लोक हसायचे, पण मानायचे. दिवाणजींच्या रजिस्टरात नाही म्हणजे ते झालंच नाही, असं आमचे चेअरमन रावसाहेब तोडकर चारचौघांत म्हणायचे.

मग तो एक कागद मी का नोंदवला नाही?

त्याच्या तीन आठवडे आधी मी एक भिंत बांधली होती. बाकीचे घाम गाळतात आणि सेक्रेटरी सावलीत बसून हजेऱ्या लिहितो अशी कुजबुज माझ्या कानावर आली होती. मला झोंबली. मी धोतर खोचलं, थापी घेतली आणि सकाळपासून दुपारपर्यंत छातीएवढी भिंत उभी केली. हाताला फोड आले. जेवणाच्या वेळी सगळ्यांना दिसेल असा मी तिच्याशेजारी उभा राहिलो. ईराण्णा आला. तो मागांचा जॉबर, बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा मिस्त्री. बांधकामावर ओळंबा त्याच्याकडे असे. त्यानं दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, “दिवाणजी, तुम्ही आपलं रजिस्टरच लिवा. ही पाडाय लागंल.”

सगळे हसले. त्याच्या मनात काही नव्हतं. तो स्वतःही हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, पण ती थाप सिमेंटाची होती आणि माझ्या सदऱ्यावर पाच बोटं उमटली. कस्तुरा तोंडाला पदर लावून हसत होती. दोघा जणांनी मिळून माझी भिंत दहा मिनिटांत उतरवली. विटा धुऊन परत वापरल्या.

मी त्या हसण्याला हसूनच उत्तर दिलं. आणि पुढे वारसाचा कागद हातात आला तेव्हा मनात म्हणालो, थांब जरा, ईराण्णा. तुलाही कळू दे एखाद्याकडं काम अडकलं की कसं वाटतं. एक मीटिंग, फार तर दोन. त्यानं येऊन चारदा विचारावं, ‘दिवाणजी, तेवढं करा की,’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. याहून मोठा हेतू नव्हता, शपथेवर सांगतो. शपथेला माझ्या आता काय किंमत, हा भाग वेगळा.

त्यानं विचारलंही. दोनदा विचारलं. “दिवाणजी, वारसाचं झालं का?”

“पुढच्या मीटिंगला,” मी म्हणालो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. झालं असेल असं समजून चालला. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता, आणि मलाही मग त्या कागदाचा विसर पडला. आठ महिने तो माझ्या पिशवीत रजिस्टरच्या पाठीला घासत राहिला.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत, पहिली पाळी संपवून सायकलवरून घरी येताना ईराण्णाला यड्रावच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं. दवाखान्यात नेण्याआधीच गेला. मी मातीला गेलो होतो. कस्तुरा एका जागी बसून होती. रडत नव्हती, येणाऱ्या बायकांकडं नुसती बघत होती. दोन्ही पोरी तिच्या मांडीला धरून होत्या. त्या रात्री मला कागद आठवला. मी ठरवलं की मीटिंगमध्ये आधीची तारीख घालून नोंदवून टाकायचा आणि विषय मिटवायचा.

पण तेराव्यानंतर ईराण्णाचा थोरला भाऊ, गुरुपाद, माझ्याकडे सायझिंगमध्ये आला. त्याचं बसस्टँडजवळ पानाचं दुकान होतं. श्रमदानाला तो एक दिवसही आलेला नव्हता. आला तेव्हा हातात माझ्यासाठी बांधलेलं पान होतं, आणि सोबत दुकानावरचे दोघं होते.

“दिवाणजी, भावानं संस्थेत माझं नाव घातलेलं हाय, माहीत हाय न्हवं?”

“हाय.”

“नंतर काय दुसरा कागद दिला न्हाई न्हवं त्यानं? भावजय कायतरी म्हणालती. फारम दिलाय म्हणं तुमच्याकडं.”

मी पान तोंडात घातलं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग नोंदवला का नाही? गुरुपादचं दुकान म्हणजे गावाची चावडी. सेक्रेटरीच्या पिशवीत आठ महिने फॉर्म कुजत पडला, ही बातमी संध्याकाळपर्यंत मागामागावर गेली असती. महिन्याभरावर संस्थेची निवडणूक होती. पण खरं सांगायचं तर निवडणुकीचंही काही नव्हतं. मला ती भिंत पाडताना हसलेली तोंडं दिसली. तेच हसू परत.

“नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडं काही आलेलं नाही.”

“बघा हां. पुन्यांदा कायतरी निघायचं.”

“माझ्या रजिस्टरात नसेल ते निघत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचा बंब पेटवताना मी तो कागद आत सारला.

संस्थेची खास सभा पहिल्या ओळीतल्या अर्धवट घरात भरली. छप्पर चढलेलं, गिलावा व्हायचा होता. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून. मधोमध चेअरमनांचं टेबल आणि बाजूला मी, रजिस्टर घेऊन. विषय एकच, कै. ईराण्णा हळिंगळे यांचं सभासदत्व कुणाच्या नावावर करायचं.

रावसाहेब तोडकर सरळ माणूस होते. त्यांनी जुना फॉर्म वाचून दाखवला. “वारस म्हणून नाव आहे गुरुपाद हळिंगळे, भाऊ. कुणाची हरकत?”

“फारम बदललाय की,” कस्तुरा मागून म्हणाली. ती उठून उभी राहिली. “माझ्या नावानं केलाय. दिवाणजींच्याकडं दिलाय.”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

“दिवाणजी?” रावसाहेब म्हणाले.

मी रजिस्टर उघडलं. मुद्दाम सावकाश, एकेक पान उलटत गेलो. त्या आठ महिन्यांतली सगळी पानं. मग ते टेबलावरून चेअरमनांकडे फिरवलं. “नोंद नाही, साहेब.”

“आसं कसं?” कस्तुरा पुढे आली. “दिवाणजी, आठवा की. माझं हात भरलेलं होतं. खुंटीवरनं पिशवी काढून तुम्हीच घेतला की कागद. कमिटीपुढं ठेवतो म्हणाला.”

“वैनी,” मी म्हणालो. माझा आवाज इतका मऊ आला की मलाच नवल वाटलं. “तुम्ही दिला असता तर नोंद असती. चहाची चिठ्ठी नोंदवणारा माणूस मी. तुमच्या घराचा कागद सोडीन?”

मागून कुणीतरी म्हणालं, “ते खरं हाय.”

बाबालाल मुजावर नावाचे म्हातारे हमाल उठले. “साक्षीला मी सही केलीया. ईराण्णानं माझ्यासमोर लिवलंय. बायकोचंच नाव होतं.”

मी घाबरलो. पण सहकाराच्या कायद्याचं पुस्तक माझ्यासमोर होतं आणि त्या सभेत ते वाचलेला मी एकटा होतो. “चाचा, तुम्ही खोटं बोलता असं कोण म्हणतंय? लिहिला असेल. पण कमिटीनं नोंदवल्याशिवाय फॉर्म लागू होत नाही. लिहून घरात ठेवला, तर संस्थेनं काय करायचं?”

“मग आता बायकूच्या नावानं ठराव करा की. सगळ्यास्नी माहीत हाय त्याच्या मनात काय होतं.”

एक मिनिटभर सभा तिकडे झुकली. बायकांमध्ये माना हलल्या. गुरुपादनं घसा खाकरला, पण त्याला बोलावं लागलं नाही. मीच बोललो.

“ठराव करू या. माझं काय जातंय? पण मग प्रत्येकानं विचार करा. तुमच्या मागं तुमच्या फॉर्मवर कुणाचंही नाव असू दे, चार लोक उभे राहून म्हणतील, त्याच्या मनात दुसरंच होतं. आज वैनींसाठी नियम मोडला, तर उद्या तुमचं घर तुमच्या पोराला मिळेल याची खात्री कुणी द्यायची?”

बस्स. घर म्हटल्यावर माणूस आपल्यापुरतं बघतो. सतरंजीवर चुळबूळ झाली. ज्यांचे भाऊ भांडखोर होते ते, ज्यांना दोन बायका होत्या ते, ज्यांनी आईचं नाव घातलं होतं ते, सगळे एकदम नियमाच्या बाजूला आले. “दिवाणजींचं बराबर हाय.” “नियम म्हंजे नियम.” “भाऊ तरी परका हाय का?” गुरुपाद हात जोडून म्हणाला, “भावजयीला मी वाऱ्यावर सोडणार न्हाई. माझ्याच घरात ऱ्हाईल.” संस्थेच्या त्या घरात ती पाच महिने राहिली, पुढे त्यानं तिला काढून ते भाड्यानं दिलं. पण ते पुढचं.

“हात वर करा,” रावसाहेब म्हणाले.

हात वर झाले. बाबालालचाचांनी केला नाही. कस्तुराच्या शेजारी बसून तिच्याबरोबर दोन वर्षं वाळू चाळणाऱ्या बायकांनी इकडेतिकडे बघितलं आणि एकेकीनं केला. मी मोजले आणि लिहिले.

“माझं कष्ट?” कस्तुरा म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. “दर सुट्टीला मी आलीया. पोटुशी असताना बी विटा दिल्यात.”

मग मीच एक ठराव सुचवला. श्रीमती कस्तुरा हळिंगळे यांनी संस्थेसाठी केलेल्या श्रमदानाबद्दल ही सभा त्यांचे मनःपूर्वक आभार मानते. एकमतानं मंजूर झाला. टाळ्याही झाल्या. गुरुपादनंसुद्धा वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. ती आठवत होती. भुवया जवळ आणून, ओठ हलवत, आपण तो कागद कुठं ठेवला असेल ते आठवत होती.

मंगळवारी मी ठरावाची नक्कल घेऊन कोल्हापूरला सहकार खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथं एक वयस्क कारकून होते. त्यांनी ठराव वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

“सभासदत्व भावाकडं दिलंत, ठीक आहे. पण बायको जिवंत आहे ना? पोरी आहेत?”

“आहेत.”

“मग घर त्यांचंच. फॉर्मवर नाव असलेला माणूस म्हणजे मालक नव्हे हो. तो फक्त सांभाळणारा. खरे वारस बायको आणि पोरी. तिनं वारसाच्या दाखल्यासह एक अर्ज केला तरी पुरे. तुमच्या लोकांना हे माहीत नाही वाटतं?”

“नाही,” मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. फॉर्मवर नाव तोच वारस, अशी आमच्या अठ्ठेचाळीस जणांची पक्की समजूत होती. त्या समजुतीवर मी सभा जिंकली होती आणि तिच्यापायीच ती बाई सभेत हरली होती. जुना फॉर्म असो की नवा, घर तिचंच होतं. मी तो कागद बंबात जाळला तरीही तिचं काही अडत नव्हतं.

“जाऊन सांगा तिला,” कारकून म्हणाले.

परतीच्या एसटीत मी सुटल्यासारखा बसलो होतो. देव पावला असं वाटलं. आता खोटं कबूल न करता सगळं सरळ करता येणार होतं. उद्या सकाळीच तिच्या खोलीवर जायचं, अर्ज मीच लिहून द्यायचा. हातकणंगल्यापर्यंत मी मनातल्या मनात मजकूर तयार केला. पुढे विचार आला की अर्ज आला की चौकशी होणार. चौकशीत बाबालाल बोलणार, ती बोलणार, खुंटी आणि पिशवी परत निघणार. इचलकरंजीत उतरलो तेव्हा मी ठरवलं होतं, घाई नको. जरा वातावरण निवळू दे.

बुधवारी सकाळी तीच माझ्या दारात आली. धाकटी पोर कडेवर होती. मी बायकोला चहा टाकायला सांगितला. कस्तुरा खाली बसली, खुर्ची नको म्हणाली.

“दिवाणजी, एक कागद लिवून पायजे. मला कानडी तेवढं येतंय, मराठी लिवाय येत न्हाई.” तिचं माहेर कर्नाटकातल्या रबकवीचं.

“कसला कागद, वैनी?”

“लोकं वंगाळ बोलाय लागल्यात. कांड्या भरताना बायका म्हणत्यात, दिवाणजीनं फारम खाल्ला. गुरुपादभावजींनी पान चारलं म्हणत्यात.” ती पोरीच्या झग्याचं बटण लावत होती. “मी तीन दिवस सगळं घर उपसून काढलं. पत्र्याच्या पेटीत बघितलं, डब्यात बघितलं. हे गेल्यावर घरातलं सामान इकडचं तिकडं झालं. त्यात गेला असंल कुठंतरी. माझं डोस्कं त्या दिवसापासनं ठिकाणावर न्हाई. कागद द्यायचा ठरवला होता, ते ध्यानात हाय. पिशवीत घातला, ते बी ध्यानात हाय. पुढं दिल्यागत वाटतंय ते माझं मनाचंच असंल. मी उगंच सभेत तुमचं नाव घेतलं. ते तेवढं लिवून द्या. चेअरमनसायबास्नी देते.”

बायको चहा घेऊन आली, ठेवून आत गेली. मी कागद घेतला. मोठ्या अक्षरात अर्ज लिहिला. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं.

“वाचून दाखवा,” ती म्हणाली.

“‘मी, श्रीमती कस्तुरा ईराण्णा हळिंगळे, लिहून देते की वारसाचा बदललेला फॉर्म मी सेक्रेटरी यांच्याकडे कधीही दिलेला नव्हता. सभेत मी केलेलं विधान दुःखाच्या भरात आणि गैरसमजातून झालं. त्याबद्दल मी दिलगीर आहे.’”

“दिलगीर म्हंजे?”

“वाईट वाटतंय, असं.”

“ते खरं हाय.” तिनं पोरीला खाली उतरवलं आणि कानडी अक्षरांत सावकाश सही केली. मग पेन माझ्या हातात परत देता देता विचारलं, “आता कायदेशीर काय करता येत न्हाई न्हवं, दिवाणजी? म्हंजे बायकू म्हणून? पोरींच्या नावानं? तुम्ही काल कोल्हापूरला गेला होता म्हणं सायबाच्याकडं. मी तुमास्नीच विचारते. तुम्हाला कायदा कळतोय.”

मी तिच्याकडे बघितलं. तिच्यामागं दार उघडं होतं. ‘करता येतं’ एवढंच म्हणायचं होतं.

“नाही, वैनी,” मी म्हणालो. “मी मुद्दाम विचारून आलो. कायद्यात काही बसत नाही.”

ती मान हलवून उठली, पोर कडेवर घेतली आणि उंबऱ्यापाशी थांबून मला वाकून नमस्कार केला.

“बरं झालं मी आज आले,” ती म्हणाली. “न्हाईतर जन्मभर तुमास्नी शिव्या दिल्या असत्या.”